हार्डवेअरकडून आलेल्या '२५'चं २०२५ करताना

एका ट्रॅकर प्रकल्पात 'शेवटचं ठिकाण' दाखवणारं पान होतं. त्यावर एक उपकरण जागचं हलायला तयार नव्हतं. नव्या नोंदी येत होत्या, डेटाबेसमध्ये जातही होत्या, पण पानावर तेच जुनं ठिकाण. दीड दिवस मी नेटवर्कला शिव्या घातल्या. मग नोंदी वेळेच्या उतरत्या क्रमाने लावल्या, तेव्हा दिसलं की सगळ्यात वर ६ जानेवारी २०८० ची एक नोंद ठाण मांडून बसली आहे. तिच्यापेक्षा 'ताजी' नोंद मिळायला २०८० उजाडावं लागणार होतं.

जीपीएसची कालगणना ६ जानेवारी १९८० पासून सुरू होते. उपग्रहांकडून खरी वेळ मिळेपर्यंत काही रिसीव्हर हीच शून्याची तारीख पाठवत राहतात. रिसीव्हर मजकुराच्या ओळी पाठवतो, त्यांना 'वाक्य' म्हणतात; त्यातल्या आरएमसी नावाच्या वाक्यात तारीख दिवस, महिना, वर्ष अशी दोन-दोन आकड्यांत असते, म्हणजे ०६०१८०. कोड लिहिणाऱ्याने, म्हणजे मीच, त्या ८० मध्ये २००० मिळवले होते.

'२००० + वर्ष' ही ओळ बहुतेक वेळा बरोबर उत्तर देते, म्हणूनच ती इतकी टिकते. पण दोन आकड्यांत शतक नसतंच. ते आपण बाहेरून आणतो आणि आणताना एक निर्णय घेतो: ही तारीख कुठल्या काळातली असू शकते आणि कुठल्या काळातली असूच शकत नाही? हा निर्णय कोडमध्ये लिहिलेला नसला, तरी घेतलेला असतोच. तो उघडपणे, एकाच जागी लिहायचा कसा, ते आता क्रमाने बघू.

कोडच्या ओळी मुद्दाम देवनागरीत दिल्या आहेत. त्या कुठल्याच एका भाषेच्या नाहीत, तुमच्या भाषेत बसवून घ्या. >> म्हणजे बिट उजवीकडे सरकवणं, & म्हणजे बिटवार 'आणि', % म्हणजे भागाकाराची बाकी.

पायरी १: बाइटमध्ये नेमकं काय आहे ते आधी बघा

डीएस१३०७, डीएस३२३१, पीसीएफ८५६३ या नेहमीच्या घड्याळ चिपांमध्ये वर्ष बीसीडी पद्धतीने ठेवलेलं असतं. बाइटच्या वरच्या चार बिटांत दशकाचा अंक, खालच्या चार बिटांत एककाचा. २०२५ साल असेल तर रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपच्या आतल्या साठवणीच्या जागेत, हेक्स २५ (सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा) दिसेल. तो बाइट साधी संख्या म्हणून वाचला तर उत्तर येतं ३७.

या चुकीची गंमत म्हणजे ती लपून बसते. ०० ते ०९ पर्यंत बीसीडी आणि साधी संख्या एकसारखीच दिसतात. म्हणजे २००० ते २००९ अशी दहा वर्षं चुकीचा कोडही बरोबर चालतो आणि १ जानेवारी २०१० ला हेक्स १० चे १६ होऊन उपकरण एका रात्रीत २०१६ मध्ये पोचतं. आज नवा कोड लिहिताना ही चूक लगेच कळते, कारण वर्ष सरळ बारा वर्षं पुढचं येतं. दिवस आणि महिन्यात मात्र ती अजूनही लपते. महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत चाचणी केली तर दिवस बरोबर आणि नवव्या महिन्यापर्यंत महिनाही बरोबर.

उलगडा असा:

वरचा = (बाइट >> ४) & १५
खालचा = बाइट & १५
जर वरचा > ९ किंवा खालचा > ९, तर चूक परत करा
वर्ष२ = वरचा * १० + खालचा

तिसरी ओळ बहुतेकांच्या कोडमध्ये नसते. ती घाला. आयटूसी बसवरची, म्हणजे चिप जोडणाऱ्या तारांमधली, वायर सैल झाली की सगळे बिट १ वाचले जातात, म्हणजे बाइट येतो हेक्स एफएफ. तपासणी नसेल तर हिशोब होतो १५ गुणिले १० अधिक १५, म्हणजे १६५, आणि साल २१६५. तपासणी असेल तर वायर सैल आहे हे पहिल्याच वाचनात कळतं.

प्रत्येक हार्डवेअर बीसीडीच देतं असं मात्र नाही. संगणकातल्या जुन्या एमसी१४६८१८ जातीच्या घड्याळात वर्ष बीसीडीत आहे की साध्या संख्येत, हे 'बी' रजिस्टरचा एक बिट ठरवतो. तो बिट वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. एसएमएसच्या कच्च्या पीडीयू रूपातल्या वेळेच्या शिक्क्यात अंक उलटे असतात, म्हणजे २५ साल तिथे हेक्स ५२ असं येतं. मोडेमला घड्याळ विचारलं की अक्षरांच्या रूपात २५/०३/१४ असं काहीतरी मिळतं, आणि तिथे वर्ष आधी असतं. जीपीएसच्या आरएमसीत ते शेवटी असतं. जीपीएसचंच झेडडीए वाक्य तर चार आकडी वर्ष देतं. तुमचा रिसीव्हर ते पाठवत असेल तर ते घ्या आणि निम्मी डोकेदुखी वाचवा.

काही ठिकाणी दोन आकडी वर्ष वाटतं ते प्रत्यक्षात अंतर असतं. मॉनिटरच्या ईडीआयडी माहितीत निर्मितीच्या वर्षाचा बाइट १९९० पासून मोजलेला असतो, तेव्हा ३५ म्हणजे २०२५. फॅट फाइल पद्धतीत वर्ष सात बिटांत १९८० पासून मोजतात. इथे शतकाचा अंदाज-बिंदाज काही लागत नाही, नुसती बेरीज पुरते. म्हणून डेटाशीट आधी, कोड नंतर.

पायरी २: सगळी तारीख एका दमात वाचा

वर्षाचं रजिस्टर वेगळं आणि दिवस-महिना वेगळे वाचू नका. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री तुम्ही वर्ष वाचलं २५, तेवढ्यात घड्याळ पुढे सरकलं, मग दिवस-महिना वाचला १ जानेवारी. झाली तारीख १ जानेवारी २०२५, म्हणजे अख्खं वर्षभर मागे. डीएस३२३१ सारख्या चिपा वाचन सुरू होताच वेळेची एक प्रत बाजूला धरतात. सेकंदापासून वर्षापर्यंतचे सातही बाइट एकाच व्यवहारात घेतले तर ते एकमेकांशी जुळलेले मिळतात. अशी सोय नसेल तर दोनदा वाचायचं आणि दोन्ही वाचनं जुळली तरच घ्यायचं.

पायरी ३: घड्याळ स्वतःबद्दल काय सांगतंय?

माझ्या २०८० च्या गोंधळात खरी चूक इथे होती. आरएमसी वाक्यात तारखेच्या बरोबरीने स्थितीचं एक अक्षर असतं: 'ए' म्हणजे माहिती ग्राह्य, 'व्ही' म्हणजे अग्राह्य. रिसीव्हर प्रामाणिकपणे 'व्ही' सांगत होता. मी ते अक्षर वाचतच नव्हतो.

चिपांमध्येही अशी कबुली असते. डीएस३२३१ मध्ये स्थितीच्या रजिस्टरचा सर्वात वरचा बिट सांगतो की मध्यंतरी दोलक थांबला होता. पीसीएफ८५६३ मध्ये सेकंदाच्या रजिस्टरचा वरचा बिट सांगतो की व्होल्टेज खाली गेलं होतं आणि वेळेची खात्री नाही. डीएस१३०७ मध्ये त्याच जागी 'घड्याळ थांबलेलं' हा बिट असतो. नवी चिप पहिल्यांदा चालू केली की तो साधारणपणे १ असतो आणि तारीख १ जानेवारी ००. '२००० + वर्ष' लिहिणाऱ्याला ही तारीख १ जानेवारी २००० अशी दिसते. दिसायला अगदी नीटनेटकी आणि पूर्णपणे निरर्थक.

यातला कुठलाही बिट लागलेला असेल तर वर्षाचं रूपांतर करूच नका. 'वेळ माहीत नाही' हेच बरोबर उत्तर आहे, आणि पुढच्या कोडला ते पचवता आलं पाहिजे.

पायरी ४: शतक ठरवा

इथेच खरं पाणी मुरतं, म्हणून जरा थांबू.

सगळ्यात जुनी पद्धत ठरावीक सीमेची: अमुक आकड्याच्या खाली २००० चं शतक, वर १९०० चं. अडचण ही की प्रत्येकाची सीमा वेगळी. सी आणि पायथनच्या तारीख वाचणाऱ्या फंक्शनांत ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. मायएसक्यूएलमध्ये ही सीमा ७० वर आहे. डिजिटल प्रमाणपत्रांतल्या छोट्या तारखेसाठी ५० वर. उपग्रहांच्या कक्षेची माहिती देणाऱ्या दोन ओळींच्या टीएलई नोंदीत ती ५७ वर आहे, आणि ही मला सगळ्यात आवडते: पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक १९५७ मध्ये सुटला, त्याआधीची नोंद असणंच शक्य नाही. सीमा अशी विषयातून यायला हवी. लायब्ररीची आहे म्हणून घेतली, तर दुसऱ्या कुणाच्या विषयाची सीमा आपल्या माथी येते.

तुमच्या उपकरणाचा 'स्पुटनिक' कोणता? चालू वेळ दाखवणाऱ्या घड्याळासाठी उत्तर सोपं आहे: फर्मवेअर, म्हणजे उपकरणातच भरलेला कोड, ज्या वर्षी तयार झालं त्याच्या आधीची वेळ उपकरणात असू शकत नाही. तेव्हा ते वर्ष, किंवा थोडी सवड ठेवून त्याच्या आधीचं एखादं, तळाचं वर्ष म्हणून धरा. मग:

तळ = २०२०
वर्ष४ = तळ + (वर्ष२ - तळ % १०० + १००) % १००

यातून येणारं साल नेहमी २०२० ते २११९ या शंभर वर्षांत पडतं. २५ आलं तर २५ - २० + १०० = १०५, बाकी ५, साल २०२५. १९ आलं तर ९९, साल २११९. हे दुसरं उत्तर हास्यास्पद आहे आणि तसंच असायला हवं, कारण पुढच्या पायरीत ते पकडायचं आहे.

मधला + १०० शोभेचा नाही. पायथनमध्ये -१ % १०० चं उत्तर ९९ येतं, सी आणि तिच्या वळणावरच्या बऱ्याच भाषांत -१ येतं. आधी शंभर मिळवले की भांडण मिटतं. आणखी एक सापळा: १९ - २० ची वजाबाकी आठ बिटांच्या चिन्हरहित चलात साठवली तर -१ ऐवजी २५५ होतात आणि शेवटी साल येतं २०७५. म्हणून हा सगळा हिशोब साध्या चिन्हसहित पूर्णांकात करा, बाइटच्या चलात नको.

जुन्या नोंदी वाचायच्या असतील तर तळाचं वर्ष चालत नाही, संदर्भाचं वर्ष लागतं. म्हणजे 'या वर्षाच्या सगळ्यात जवळचं साल कुठलं' असा प्रश्न:

वर्ष४ = संदर्भ + (वर्ष२ - संदर्भ % १०० + १५०) % १०० - ५०

संदर्भ २०२५ धरला तर ९९ चं १९९९ होतं, ७४ चं २०७४ आणि ७५ चं १९७५. संदर्भाच्या मागे पन्नास आणि पुढे एकोणपन्नास वर्षं. स्कॅनरने वाचलेल्या जीएस१ बारकोडमधल्या सहा आकडी तारखांचा नियम याच जातीचा आहे, फक्त तिथे मागे एकोणपन्नास आणि पुढे पन्नास. लॉग फाइल क्रमाने लिहिलेली असेल तर आधीच्या नोंदीचं वर्ष हाच उत्तम संदर्भ.

एक पथ्य पाळा: संदर्भ त्याच घड्याळातून घेऊ नका ज्याच्यावर शंका आहे. उपकरण सुरू होताना प्रणालीची वेळ घड्याळ चिपवरूनच भरली जाते आणि मग कोड 'आजचं वर्ष' प्रणालीला विचारून त्याच चिपचं शतक ठरवतो, असा प्रकार मी एकाहून जास्त प्रकल्पांत पाहिला आहे. चोरालाच साक्षीला उभं करण्यासारखं आहे ते. फर्मवेअरमध्ये कोरलेलं वर्ष, सर्व्हरकडची वेळ, फाइलची तारीख, यातलं काहीही घ्या, पण स्वतंत्र घ्या.

एकच उपकरण दोन वेगळे नियमही मागू शकतं. पासपोर्ट वाचणाऱ्या यंत्राकडून तळाच्या ओळींमधून दोन तारखा येतात, जन्माची आणि मुदत संपण्याची, दोन्ही दोन आकडी वर्षाच्या. जन्म भविष्यात असू शकत नाही, मुदत मात्र बहुधा पुढचीच असते. जन्मवर्ष ३५ म्हणजे आज १९३५, मुदतीचं ३५ म्हणजे २०३५. एकच फंक्शन दोन्हीला लावलं की कुणीतरी दहा वर्षांनी जन्माला येणार असतं. आणि जन्मवर्ष २० आलं तर ते पाच-सहा वर्षांचं मूल की शंभरी ओलांडलेले आजोबा, हे त्या दोन आकड्यांतून कुठलंच सूत्र सांगू शकत नाही. तिथे माणसाला विचारावं लागतं.

शतकाच्या बिटाबद्दल

'पण चिपमध्ये शतकाचा बिट असतो ना?' असतो. डीएस३२३१ आणि पीसीएफ८५६३ या दोन्हींत तो महिन्याच्या रजिस्टरच्या वरच्या टोकाला असतो आणि वर्ष ९९ वरून ०० झालं की पलटतो. पण ० म्हणजे कुठलं शतक, हे ठरवणार कोण? पीसीएफ८५६३ च्या जुन्या डेटाशीटमध्ये ० म्हणजे २० ने सुरू होणारी वर्षं आणि १ म्हणजे १९ ने सुरू होणारी. तिच्याच जातीच्या आरटीसी८५६४ चं डेटाशीट उलट सुचवतं. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये यावर एक टिप्पणी आहे, तिचा मथितार्थ असा की हा बिट कोण कसा वापरतं हे खात्रीने कळायला मार्ग नाही, म्हणून १९७० ते २०६९ हा काळ धरून अंदाज बांधू. लिनक्सवाल्यांनी हात टेकले तिथे मी नवा शहाणपणा करत नाही. बिट वाचतो आणि सोडून देतो.

सोडून देताना मात्र तो पुसायला विसरू नका. महिना घेताना आधी & हेक्स १एफ करा. नाहीतर बिट लागलेल्या चिपवर डिसेंबरचा बाइट हेक्स ९२ येतो आणि वर्षाला ब्याण्णव महिने होतात.

पायरी ५: न पटणारं वर्ष परत पाठवा

तळ ठरवलात तसा माथाही ठरवा. उपकरण किती वर्षं चालेल? चाळीस म्हणा, फारच उदार होऊन. मग २०२० ते २०५९ च्या बाहेरचं प्रत्येक साल म्हणजे चूक. ८० आलं, २०८० झालं, नाकारलं. ०० आलं, २१०० झालं, नाकारलं.

यातून जीपीएसचं आणखी एक दुखणं आपोआप पकडलं जातं. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा आकडा फक्त दहा बिटांचा आहे. १०२४ आठवड्यांनी, म्हणजे साधारण १९.६ वर्षांनी, तो पुन्हा शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, एप्रिल २०१९ मध्ये झालं आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये होईल. न सुधारलेला जुना रिसीव्हर आज २००५-०६ च्या आसपासची तारीख देतो, तीही 'ग्राह्य' असा शेरा मारून. '२००० + वर्ष' ती निमूट गिळतं. तळ-माथा लावलेलं फंक्शन २१०५ काढतं आणि नाकारतं. असा रिसीव्हर वापरण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर त्याच्यासाठी जुना तळ धरून पूर्ण तारीख काढा आणि तिच्यात ७१६८ दिवस मिळवा. वर्षात वीस मिळवून भागत नाही, दिवस-महिनाही हललेले असतात.

नाकारणं म्हणजे ० किंवा १९७० परत करणं नव्हे. तीही एक तारीखच आहे आणि पुढे कुणीतरी तिच्यावर विश्वास ठेवेल. चूक ही चूक म्हणूनच परत करा आणि कच्चा बाइट लॉगमध्ये लिहा. महिन्याभराने 'अवैध वर्ष' एवढीच ओळ वाचून काही कळत नाही, 'अवैध वर्ष, बाइट हेक्स एफएफ' वाचून वायर आठवते.

पायरी ६: पुढच्या लायब्ररीला काय हवंय?

चार आकडी वर्ष हातात आलं तरी काम संपत नाही. सी भाषेच्या वेळेच्या रचनेत वर्ष १९०० पासून मोजतात, म्हणजे २०२५ साठी तिथे १२५ ठेवायचे. महिनाही ० पासून. २००० साल उजाडलं तेव्हा कित्येक वेबपानांवर १९१०० असं साल झळकलं होतं, ते याच आकड्याच्या पुढे '१९' चिकटवल्यामुळे. जावास्क्रिप्टच्या तारखेला वर्ष म्हणून २५ दिलं तर ती बिनतक्रार १९२५ धरते. तेव्हा दोन आकडी वर्ष तुमच्या त्या एका फंक्शनच्या बाहेर पडताच कामा नये. पुढच्या प्रत्येक फंक्शनला चार आकडीच द्या.

पायरी ७: घड्याळात लिहिताना

लिहिताना नुसतं वर्ष % १०० करू नका. आधी साल तळ-माथ्यात आहे का ते बघा, नाहीतर १९७० साल चिपमध्ये ७० म्हणून मुकाट्याने जाऊन बसेल.

आणि चिपमध्ये २००० पासूनचं अंतर सोडून दुसरं अंतर ठेवायचा मोह टाळा. 'आपण १९७० पासून मोजू, जास्त वर्षं मिळतील' हा विचार सुचतोच. पण लीप वर्ष चिप स्वतः ठरवते आणि तिचा नियम साधा आहे: दोन आकडी वर्षाला चारने भाग गेला की लीप. २०२४ साठी तुम्ही ५४ ठेवलेत, ५४ ला चारने भाग जात नाही, चिप २८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्चवर उडी मारते. याच नियमामुळे २१०० साली या चिपा २९ फेब्रुवारी दाखवतील, जो नसेल. डेटाशीटमध्ये दिनदर्शिकेची हमी २१०० पर्यंतच दिलेली असते, ती यासाठी.

पायरी ८: चाचण्या

तळ २०२०, माथा २०५९ धरून वर्षाचा बाइट आत आणि निकाल बाहेर:

हेक्स २० → २०२०
हेक्स ३० → २०३० (२०४८ आलं तर बीसीडी चुकलंय)
हेक्स ५९ → २०५९
हेक्स ६० → चूक
हेक्स १९ → चूक
हेक्स ०० → चूक
हेक्स ८० → चूक
हेक्स २ए → चूक, बीसीडी नाही
हेक्स एफएफ → चूक, बीसीडी नाही

मग शक्य असलेली सगळी ४० वर्षं एका लूपमध्ये फिरवा. २०२० ते २०५९ चं प्रत्येक साल चिपच्या रूपात लिहा, परत वाचा आणि तेच मिळालं की नाही पाहा.

शेवटची चाचणी खऱ्या चिपवर करा. तिच्यात ३१ डिसेंबर, २३ वाजून ५९ मिनिटं ५० सेकंद भरा आणि दहा सेकंद बघत बसा. मग २८ फेब्रुवारीला तेच, एकदा २०२७ मध्ये आणि एकदा २०२८ मध्ये. मग बॅटरी काढा, वीज काढा, परत जोडा आणि फंक्शन चूक परत करतं का ते पाहा. ते जर हसतमुखाने १ जानेवारी २००० सांगत असेल, तर पायरी ३ वर परत जा.